चौदाशे डॉलर जास्त, आणि सबसिडी शून्य: कव्हर्ड कॅलिफोर्नियाचं २०२६ चं बिल

रेवती_फ्रीमाँट (१० जानेवारी २०२६)

नमस्कार मंडळी,

नोकरीतून विमा मिळत नाही आणि मेडिकेअरचं (६५ नंतरच्या सरकारी विम्याचं) वय अजून झालेलं नाही, अशा मधल्या वयातल्या लोकांनी कृपया वाचा.

आम्ही फ्रीमाँटला राहतो. माझं वय ६०, यांचं ६३. हे ज्या कंपनीत होते तिने आपला इथला विभाग बंद केला, तेव्हापासून हे घरीच असतात. यांनी ६२ व्या वर्षीच सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) सुरू केली. मी घरात पाळणाघर चालवते. लायसन्सचं आहे, मुलं सहा. आमचा विमा गेली काही वर्षं कव्हर्ड कॅलिफोर्नियातून, म्हणजे राज्याच्या विमा बाजारपेठेतून आहे, सिल्व्हर (मधल्या दर्जाचा) प्लॅन. गेल्या वर्षी महिन्याला सहाशेच्या आसपास भरत होतो. जानेवारीचं बिल २,६४० डॉलरचं आलं. प्लॅन तोच, डॉक्टर तेच, माणसं तीच.

मी फोन करून विचारलं. पलीकडच्या बाई फार सौजन्याने बोलल्या. त्यांनी सांगितलं की २०२१ पासून जी वाढीव सबसिडी होती ती ३१ डिसेंबरला संपली. आता दोन माणसांच्या घराला ८४,६०० डॉलरपर्यंतच सबसिडी, त्यावर काहीच नाही. आमच्या अर्जात ८६,००० लिहिलेले आहेत. म्हणजे चौदाशे डॉलर जास्त. मी कागद घेऊन बसले. आम्ही ८४,५०० कमावले असते तर वर्षाला साधारण ८,४०० भरायचे होते. ८६,००० कमावले तर ३१,६८०. चौदाशे डॉलरसाठी तेवीस हजारांचा फरक. हे खरंच असं आहे का?

उत्पन्न असं आहे: पाळणाघराचा खर्च जाऊन नफा ३८,०००. यांची सोशल सिक्युरिटी २४,०००. यांच्या जुन्या आयआरए खात्यातून (निवृत्तीसाठीच्या बचतीतून) वर्षाला १४,००० काढतो. कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं ५,६०० (महिना बेचाळीस हजार रुपये). एनआरई मुदत ठेवींचं व्याज ४,४००. एनआरईच्या व्याजावर भारतात कर नाही, तरीही ते इथे धरायचं का, हाही प्रश्न आहे.

यांना हृदयात स्टेंट बसवलेली आहे. विमा सोडून देणं हा आमच्यासाठी पर्याय नाही, म्हणून कुणी तसं सुचवू नये ही विनंती. जानेवारीचं बिल भरलं आहे. असं वर्षभर भरलं तर पाळणाघराच्या नफ्यातले जेमतेम सहा हजार उरतात. मी सकाळी साडेसहाला दार उघडते, संध्याकाळी सहाला शेवटचं मूल घरी जातं. ते सगळं विम्याच्या हप्त्यासाठी, असा हिशोब मला मान्य होत नाही.

३१ जानेवारीला मुदत संपते. काय करावं?

---

निनाद_के (१० जानेवारी २०२६)

रेवतीताई, वाचून वाईट वाटलं. माझे दोन मित्र ऑफ-मार्केट शॉर्ट टर्म प्लॅनबद्दल बोलत होते, खूप स्वस्त असतो म्हणे. दुसरं म्हणजे भारतातलं भाडं आणि व्याज इथे कुणाला कळणार आहे? ते दहा हजार काढले की तुम्ही ७६ वर येता. बरेच जण असंच करतात.

---

आकडेमोड (११ जानेवारी २०२६)

रेवतीताई, मी मिल्पिटसला टॅक्सची कामं करते आणि ओपन एनरोलमेंटच्या काळात (वर्षाचा विमा निवडायच्या मुदतीत) लोकांचे कव्हर्ड कॅलिफोर्नियाचे अर्जही भरून देते. या जानेवारीत माझ्यासमोर बसलेल्या माणसांपैकी तुमच्यासारखी बरीच आहेत. सविस्तर लिहिते, कारण तुमच्या बाबतीत चित्र बिलावर दिसतं त्याहून बरंच चांगलं आहे.

आधी निनाद यांना. शॉर्ट टर्म प्लॅन कॅलिफोर्नियात विकायलाच बंदी आहे, २०१९ पासून. इतर राज्यांत मिळतात, पण तिथेही जुन्या आजारांना ते दारातच अडवतात. स्टेंट असलेल्या माणसाला त्याचा शून्य उपयोग. आणि भारतातलं उत्पन्न लपवण्याचा सल्ला कृपा करून कुणाला देऊ नका. भारतातल्या बँका अमेरिकन करदात्यांच्या खात्यांची माहिती इथे कळवतात, त्यासाठी दोन देशांत करार आहे. रेवतीताईंना तर लपवण्याची गरजही नाही.

आता मुद्द्याचं. लोक प्लॅनची यादी उघडतात, कंपन्यांची तुलना करतात, हप्ता बघून घाबरतात. माझा अनुभव असा की तुमचं वर्ष त्या यादीवर फारसं ठरत नाही. ते ठरतं अर्जातल्या उत्पन्नाच्या एका आकड्यावर. सबसिडीची पद्धतच तशी आहे. तुमच्या भागात, तुमच्या वयाला लागू होणारे जे सिल्व्हर प्लॅन असतात, त्यांतला खालून दुसरा स्वस्त प्लॅन सरकार मापाला धरतं. त्या प्लॅनसाठी तुम्ही उत्पन्नाचे ठराविक टक्के द्यायचे, वरचं सरकार देतं. २०२६ मध्ये हे टक्के २.१ पासून ९.९६ पर्यंत आहेत. दारिद्र्यरेषेच्या तिप्पट ते चौपट उत्पन्न असलेल्यांना सरसकट ९.९६. चौपटीच्या वर गेलं की सरकारचा हात सुटतो. यंदा दोन माणसांच्या घरासाठी दारिद्र्यरेषा २१,१५० धरतात, तिची चौपट म्हणजे तुमचे ८४,६००. एकट्या माणसाला ६२,६००, चौघांच्या घराला १,२८,६००.

ही चौपटीची रेषा कायद्यात पहिल्यापासून, २०१४ पासून होती. २०२१ मध्ये कोविडच्या काळात ती काढली आणि कुणालाही उत्पन्नाच्या ८.५ टक्क्यांहून जास्त द्यावं लागणार नाही असं ठरलं. २०२२ च्या कायद्याने ती सवलत २०२५ अखेरपर्यंत वाढवली. गेल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ४३ दिवस सरकार बंद होतं ते याच सवलतीच्या भांडणात, आणि तरी ती संपली.

त्यातही एक गोष्ट लक्षात घ्या. रेषेच्या खाली जो आहे त्याला कंपन्यांची दरवाढ फारशी जाणवत नाही. मापाचा प्लॅन महाग झाला तर सबसिडीही तेवढीच वाढते. कॅलिफोर्नियात यंदाची सरासरी दरवाढ १०.३ टक्के आहे. देशभरात मापाचा प्लॅन सरासरी २६ टक्क्यांनी वाढला असा केएफएफ या संस्थेचा हिशोब आहे. फेडरल वेबसाइट वापरणाऱ्या राज्यांत ३० टक्के आणि स्वतःची बाजारपेठ चालवणाऱ्या राज्यांत १७. कारण उघड आहे. सबसिडी गेली की तरुण, धडधाकट माणसं विमा सोडतात, मागे राहतात ती औषधपाण्याची गरज असलेली. कंपन्यांनी हे उन्हाळ्यातच दरात धरून ठेवलं. ही सगळी वाढ पूर्ण अंगावर येते ती रेषेच्या वरच्यांच्या. त्यातही साठीच्या माणसांच्या, कारण ६४ वर्षांच्या माणसाला २१ वर्षांच्या मुलाच्या तिप्पट हप्ता लावायची मुभा कायद्यातच आहे. चाळिशीतलं जोडपं रेषा ओलांडतं तेव्हा त्याला चिमटा बसतो, तुमच्या वयात ओलांडली की घर हलतं.

आता तुमचा आकडा. तुम्ही ८६,००० लिहिले ते सगळ्या रकमांची सरळ बेरीज करून. कायद्याला ती बेरीज नको आहे. त्याला हवं आहे टॅक्स रिटर्नवरचं समायोजित उत्पन्न, त्यात सोशल सिक्युरिटीचा करमुक्त भाग मिळवून. म्हणजे यांचे २४,००० पूर्ण धरायचे. एनआरईचं व्याजही धरायचं. भारतात करमुक्त असलं तरी इथे ते करपात्र आहे. पण वजा काय होतं ते बघा.

तुमचा पाळणाघराचा नफा स्वतःच्या धंद्याचा आहे. त्यावर तुम्ही सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स भरता. ३८,००० वर तो साधारण ५,३७० होतो, आणि त्याचा अर्धा भाग, २,६८५, उत्पन्नातून वजा होतो. एवढ्या एका वजावटीने तुम्ही ८३,३१५ वर, रेषेखाली आलात.

कोथरूडचं भाडं ५,६०० हे ढोबळ आहे. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, महापालिकेचा मिळकत कर, दुरुस्ती आणि इमारतीचा घसारा वजा होतो. पावत्या भावाकडे किंवा सोसायटीच्या ऑफिसात असतील तर आजच मागवा. भाड्यातलं निम्मं तरी त्यात जाईल असं मला वाटतं.

मग, स्वतःचा धंदा असलेल्या माणसाने खिशातून भरलेला विम्याचा हप्ताही वजा होतो, तुमचा आणि नवऱ्याचा दोघांचा. यात एक गोल फिरणारं गणित आहे: हप्ता वजा केला की उत्पन्न कमी, उत्पन्न कमी की सबसिडी जास्त, सबसिडी जास्त की हप्ता कमी. आयआरएसने (इथल्या कर खात्याने) त्यासाठी वेगळी पद्धत दिली आहे, टॅक्सची सॉफ्टवेअर ते करतात. तुमचा आकडा माझ्या अंदाजाने ७४,००० च्या आसपास स्थिरावेल.

७४,००० चे ९.९६ टक्के म्हणजे वर्षाला ७,३७०, महिन्याला ६१४. गेल्या वर्षीएवढंच.

हे करायला उशीर करू नका. कव्हर्ड कॅलिफोर्नियाच्या अर्जात उत्पन्नाच्या खाली वजावटींचा वेगळा भाग असतो. बहुतेक लोक तो रिकामा सोडून पुढे जातात. तुमच्या अर्जातही रिकामा असणार. तो भरा. बदल पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून लागू होतो, म्हणजे फेब्रुवारीचं बिल सुधारलेलं येईल. जानेवारीचे तुम्ही पूर्ण भरलेत ते बुडाले नाहीत. त्या महिन्याची सबसिडी पुढच्या वर्षी रिटर्न भरताना ८९६२ नंबरच्या फॉर्मवर परत मिळते.

---

रेवती_फ्रीमाँट (११ जानेवारी २०२६)

आकडेमोड, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. हे मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. वजावटींचा भाग खरोखर रिकामा होता, अर्ज उघडून बघितला.

आता खरा पेच सांगते. यांना कोथरूडचा फ्लॅट याच वर्षी विकायचा आहे. १९९८ ला नऊ लाखांना घेतला होता, आता एक कोटी तीस लाखांची मागणी आहे. भाडेकरू मार्चमध्ये जागा सोडतोय. आमच्या दोघांचेही आईवडील आता नाहीत, तिकडे जाणं कमी झालंय, आणि सोसायटी रीडेव्हलपमेंटच्या चर्चेत आहे. हे म्हणतात आत्ताच मोकळे होऊ. भारतात कर भरूच, मग इथे पुन्हा काय संबंध?

आणि दुसरं, आयआरएमधून काढतो ते १४,००० कमी केले तर उपयोग होईल का?

---

आकडेमोड (१२ जानेवारी २०२६)

रेवतीताई, हे विचारलंत ते फार बरं झालं. या वर्षी लोकांना सर्वात जास्त धोका इथे आहे.

फ्लॅट २०२६ मध्ये विकला तर नफा तुमच्या २०२६ च्या उत्पन्नात येतो. तो डॉलरमध्ये मोजतात: खरेदीच्या वेळचा डॉलरचा भाव लावून खरेदी किंमत, विक्रीच्या वेळचा भाव लावून विक्री किंमत. १९९८ ला डॉलर ४१ च्या आसपास होता, आता नव्वदच्या. म्हणजे नफा अंदाजे १,२२,००० डॉलर, वर आजवरच्या घसाऱ्याची भर. तुम्ही त्या घरात राहत नाही, म्हणून राहत्या घराची सूट लागू होत नाही. भारतात भरलेल्या कराचं श्रेय इथल्या करात मिळतं, ते खरं. पण ते करातून वजा होतं. उत्पन्नाच्या आकड्यातून नफा पुसला जात नाही. आणि सबसिडी बघते ती उत्पन्नाचा आकडा.

म्हणजे डिसेंबर २०२६ ला तुम्ही जवळपास दोन लाखांच्या घरात. चौपटीची रेषा खूप मागे पडली. वर्षभर महिन्याला दोन हजारांवर आगाऊ सबसिडी (दर महिन्याच्या बिलातून आधीच वजा होणारी) घेतली असेल, तर एप्रिल २०२७ मध्ये ती सगळी, चोवीस हजारांच्या आसपास, एकरकमी परत करावी लागेल.

यात आणखी एक बदल झालाय, जो पुष्कळांना माहीत नाही. रेषेच्या आत राहणाऱ्याचा अंदाज थोडा चुकला, तर परत करायच्या रकमेवर पूर्वी मर्यादा असायची. गेल्या जुलैच्या कायद्याने २०२६ पासून ती मर्यादा काढून टाकली. आता जेवढी जास्त घेतली तेवढी पूर्ण परत. पाळणाघर, टॅक्सी, रिअल इस्टेट, ठेकेदारी, ज्यांचं उत्पन्न महिन्यामहिन्याला बदलतं त्या सगळ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. पगारदार माणसाला जानेवारीत वर्षाचा आकडा सांगता येतो. मुलांची संख्या सहावरून चारवर आली तर तुम्हाला सांगता येईल का? मला हा बदल अन्यायाचा वाटतो. ज्याच्या हातात वर्षाचं उत्पन्न नाही त्याच्याकडूनच अचूक भाकिताची अपेक्षा आहे. म्हणून उत्पन्नात बदल झाला की तीस दिवसांच्या आत कळवत जा, वर्षअखेरीची वाट पाहू नका.

विक्रीची वेळ निवडणं तुमच्या हातात आहे. यांचा ६५ वा वाढदिवस कधी? २०२७ मध्ये असेल तर २०२८ पासून हे पूर्ण वर्ष मेडिकेअरवर असतील आणि बाजारातला विमा फक्त तुमचा राहील. २०२८ मध्ये विकलात तर बुडेल ती एकट्या तुमची सबसिडी, आजच्या दरांनी साडेआठ-नऊ हजार. तुम्हीही ६५ च्या झाल्यावर विकलात तर या कारणाने एक डॉलरही जात नाही. यांना चोवीस हजार, नऊ हजार आणि शून्य हे तीन आकडे सांगा. तरीही रीडेव्हलपमेंटमुळे आत्ताच विकणं शहाणपणाचं असेल तर विका, तो निर्णय विम्यापेक्षा मोठा आहे. पण मग एक करा: आगाऊ सबसिडी घेऊच नका, किंवा घेतलेली रक्कम बाजूला ठेवा.

आणि विकणार हे नक्की असेल तर आणखी एक वाट आहे. कॅलिफोर्नियात कंपन्या बाजाराबाहेर, थेट स्वतःकडून, जवळपास तोच सिल्व्हर प्लॅन स्वस्त विकतात. कारण कमी उत्पन्नवाल्यांना जी जादा सवलत द्यावी लागते तिचा भार फक्त बाजारातल्या सिल्व्हरवर टाकलेला असतो. २०१७ ला केंद्राने त्या सवलतीचे पैसे देणं थांबवलं तेव्हापासून हे चालू आहे. पूर्ण किंमत भरणाऱ्याने तो भार उचलायची गरज नाही. मात्र बाहेरून घेतलेल्या प्लॅनवर नंतर सबसिडी मागता येत नाही. फ्लॅटचा सौदा फिसकटला तर हात रिकामे. म्हणून सौद्याचा इसार हातात येईपर्यंत मी तरी बाहेर पडा म्हणणार नाही.

आयआरएचं विचारलंत. हो, तिथून काढलेला प्रत्येक डॉलर उत्पन्नात धरला जातो. बँकेतल्या साध्या बचतीतून काढलेला धरत नाहीत. बचत असेल तर यंदा १४ ऐवजी आठ-नऊ हजार काढा. उलट, तुमच्या नावाने साध्या आयआरएत पैसे भरले तर ते वजा होतात. पन्नाशी पार केलेल्यांना २०२६ ची मर्यादा ८,६०० आहे, आणि ते १५ एप्रिल २०२७ पर्यंत भरता येतात. वर्ष संपल्यावर खरा आकडा कळतो आणि तरीही तो खाली आणायला साडेतीन महिने मिळतात. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाळणाघरवालीला मी हे सांगते.

ब्राँझबद्दल (सिल्व्हरच्या खालच्या, कमी हप्त्याच्या प्लॅनबद्दल) विचारणार असाल म्हणून आधीच लिहिते. तुमची सबसिडी डॉलरमध्ये ठरलेली असते, ती कुठल्याही प्लॅनला लावता येते. त्यामुळे ब्राँझ तुम्हाला जवळपास फुकट दिसेल. या वर्षीपासून बाजारातल्या सगळ्या ब्राँझ प्लॅनना एचएसए (औषधोपचारासाठीच्या बचतीचं) खातं जोडता येतं, त्यात दोघांच्या नावाने ८,७५० आणि ५५ च्या पुढच्या प्रत्येकाचे हजार, हे फेडरल उत्पन्नातून वजा होतात. (कॅलिफोर्निया राज्याच्या करात ही वजावट नाही.) निरोगी जोडप्याला मी ब्राँझ सुचवते. स्टेंट आहे, कार्डिऑलॉजिस्ट आहे, अशा घराला नाही. डिडक्टिबल पूर्ण होईपर्यंत खर्च तुमचाच, आणि एका माणसाचा वर्षाचा खर्च कायद्याने १०,६०० पर्यंत जाऊ शकतो. सिल्व्हरच ठेवा. कंपनी बदलायचा मोह झाला तर आधी यांचे कार्डिऑलॉजिस्ट आणि ते हॉस्पिटल नव्या नेटवर्कमध्ये आहे का, हे त्या दवाखान्यात फोन करून विचारा. वेबसाइटवरच्या यादीवर विसंबू नका.

---

फ्रिस्कोकर (१२ जानेवारी २०२६)

धागा वाचून आमची हकीकत लिहावीशी वाटली, कारण राज्य बदललं की सगळंच बदलतं.

आम्ही टेक्सासमध्ये. आई ६८, बाबा ७१, ग्रीन कार्डवर येऊन अडीच वर्षं झाली. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, पेन्शन आणि थोडं व्याज मिळून वर्षाला डॉलरमध्ये नऊ हजारांच्या आतबाहेर. मेडिकेअर पाच वर्षांनंतरच. आतापर्यंत ते स्वतःचं रिटर्न भरत आणि कायदेशीर स्थलांतरित म्हणून त्यांना दारिद्र्यरेषेखाली असूनही सबसिडी मिळत होती. हप्ता जवळपास शून्य होता. १ जानेवारीपासून तो नियम गेला. आता दोघांच्या घराला किमान २१,१५० उत्पन्न दाखवता आलं तरच सबसिडी. टेक्सासने मेडिकेडचा (गरिबांसाठीच्या सरकारी विम्याचा) विस्तार केलेला नाही, आणि पाच वर्षांची अट तिथेही आहेच. पूर्ण किमतीचा प्लॅन दोघांचा मिळून महिन्याला दोन हजारांच्या पुढे.

बाबांना मधुमेह आहे. ते म्हणतात आम्हाला परत साताऱ्याला पाठव. मला ते नको आहे. आमची मुदत १५ तारखेला संपते. ताई, काही सुचतं का?

---

आकडेमोड (१३ जानेवारी २०२६)

फ्रिस्कोकर, तुमच्यासाठी वेळ कमी आहे म्हणून थेट लिहिते.

पहिला प्रश्न: त्यांचं खरं उत्पन्न नऊ हजारच आहे का? त्यांच्या नावावर भारतात किती मुदत ठेवी आहेत, शेतीचं, भाड्याचं, पीपीएफचं व्याज, हे सगळं इथे उत्पन्नात धरतात, भारतात करमुक्त असलं तरी. कित्येक घरांत पेन्शन सोडून बाकी काही कुणी मोजलेलंच नसतं. सगळं प्रामाणिकपणे मोजून २१,१५० च्या पुढे जात असेल तर ग्रीन कार्डवाल्यांना सबसिडी आजही आहे. आकडा फुगवू मात्र नका, सगळे कागद दाखवावे लागतात.

दुसरं: तुम्ही त्यांना तुमच्या रिटर्नवर अवलंबित म्हणून घेतलं तर घर एकच धरलं जातं, उत्पन्न तुमचंही मिळून. तुम्ही पती-पत्नी, एक मूल आणि आईबाबा असे पाच जण असाल तर रेषा १,५०,६०० ला येते. तुमचं उत्पन्न त्याखाली असेल तर आईबाबांच्या प्लॅनला सबसिडी मिळू शकते, आणि साठीच्या पुढच्यांचे दर पाहता ती चांगली मोठी असेल. त्यांना अवलंबित म्हणून घेता येतं का, याच्या अटी वेगळ्या आहेत. प्रत्येकाचं करपात्र उत्पन्न मर्यादेत हवं, आणि नऊ हजार दोघांत कसे विभागले आहेत यावर ते अवलंबून राहील. कदाचित आई बसतील, बाबा नाही. आज संध्याकाळी आकडे घेऊन मला व्यनि करा.

व्हिजिटर इन्शुरन्सवर मधुमेह सोडू नका. अडीच वर्षांनी मेडिकेअर मिळेल तेव्हा इथे काम केलेलं नसल्यामुळे भाग ए (हॉस्पिटलचा) विकत घ्यावा लागेल, यंदाच्या दराने माणशी महिन्याला ५६५, आणि भाग बी (डॉक्टरांचा) २०२.९०. त्याची तरतूद आतापासून मनात ठेवा.

---

गार्गी_एच४ (१३ जानेवारी २०२६)

नवऱ्याचा स्टार्टअप विमा देत नाही, म्हणून आम्ही सान होजेत बाजारातूनच घेतो. तो एच-१बी, मी एच-४, मुलगा इथे जन्मलेला. वाचलं की २०२७ पासून आम्हाला सबसिडी नाही, खरं का?

---

आकडेमोड (१३ जानेवारी २०२६)

खरं आहे, गार्गी. १ जानेवारी २०२७ पासून नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि आणखी एक-दोन गट एवढ्यांनाच सबसिडी राहील. एच, एल, एफ व्हिसावाले विकत घेऊ शकतील, पूर्ण किमतीला. तुमच्या मुलाचा हक्क मात्र शाबूत आहे, तो नागरिक आहे. नवऱ्याला येत्या उन्हाळ्यातच कंपनीशी बोलायला सांगा. छोट्या कंपन्यांसाठी वेगळी बाजारपेठ आहे आणि तिथे वर्षात कधीही नवी योजना सुरू करता येते. नोव्हेंबरपर्यंत थांबू नका.

---

रेवती_फ्रीमाँट (१५ जानेवारी २०२६)

अर्जात वजावटी भरल्या. नवा आकडा आला: महिन्याला ६२१. भाड्याच्या पावत्या अजून यायच्या आहेत, त्या आल्या की पुन्हा सुधारेन.

यांचा ६५ वा वाढदिवस ऑगस्ट २०२७ मध्ये आहे. फ्लॅटचे तीन आकडे समोर ठेवले. आधी हे चिडले, म्हणाले आपलंच घर विकायला विम्याची परवानगी कशाला. ते मला पटतं. मलाही ते चुकीचं वाटतं. पण रात्री यांनीच भावाला फोन करून सांगितलं की भाडेकरू मार्चमध्ये गेला तर दुसरा बघ, दोन वर्षांचा करार कर. रीडेव्हलपमेंटचा प्रस्ताव मतदानाला आला तर पुन्हा बघू.

एक विचारायचं राहिलं. ऑगस्ट २०२७ मध्ये यांचं मेडिकेअर सुरू झालं की मी कव्हर्ड कॅलिफोर्नियाला कळवायचं की ते आपोआप यांना काढतात?

---

आकडेमोड (१५ जानेवारी २०२६)

तुम्हीच कळवायचं, आणि साधारण दोन आठवडे आधी, म्हणजे जुलैच्या मध्यात. मेडिकेअर मिळायला लागल्यावर यांच्या नावाने सबसिडी चालू राहिली तर तेवढ्या महिन्यांची परत करावी लागते. अर्जातून यांचा विमा काढताना तुमचा चालू राहील असाच पर्याय निवडा, नाहीतर दोघांचाही बंद होतो. यांचं नाव मात्र कुटुंबात ठेवायचं, कारण उत्पन्न आणि माणसं दोघांची मिळूनच मोजतात. भाड्याच्या पावत्या आल्या की टाका इथे, घसाऱ्याचा आकडा मी काढून देते.